ल्यूक केलीच्या गावात

डब्लिन : पुण्याहून फोन आला की हमखास विचारणा होते, "तिकडे पबात नुसता धिंगाणा असेल ना?" परवा कोपऱ्यातल्या एका म्हाताऱ्यानं डोळे मिटून गायला सुरुवात केली. माईक नाही, वाद्य नाही. दाराशी दोन पर्यटक खिदळत होते, त्यांना चारी बाजूंनी "श्श!" झालं. गल्ल्यावरच्या पोरानं ग्लास भरायचासुद्धा थांबवला. गाणं संपलं की गाणाराच पुढचा गाणारा नेमतो, असा इथला रिवाज. "घसा बसलाय" म्हणून सुटका नाही.

आपल्याकडे लोकगीतांची संध्याकाळ म्हणजे दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, 'दोन शब्द' बोलणारे चौघे. शाहीर उभा राहतो तेव्हा हॉलची वेळ संपत आलेली.

म्हातारा गात होता ते 'रॅग्लन रोड'. शब्द कवी पॅट्रिक कॅव्हना यांचे, पण लोकांच्या तोंडी बसवलं ल्यूक केलीनं. बेली नावाच्या पबात खुद्द कवीनंच 'हे तू गा' म्हटलं, असं ल्यूक सांगायचा. जन्म १९४०, गोदीलगतच्या शेरिफ स्ट्रीटवर. तेराव्या वर्षी शाळा सुटली, पोटासाठी इंग्लंड गाठलं, पडेल ती कामं केली. तिथंच हाती बँजो आला आणि डोक्यात कम्युनिझम. मग 'द डब्लिनर्स' हा गाणाऱ्यांचा ताफा. १९६७ साली त्यांच्या 'सेव्हन ड्रंकन नाइट्स'वर इथल्या सरकारी नभोवाणीनं बंदी घातली. तेच गाणं इंग्लंडात खपाच्या यादीत सातव्या क्रमांकावर गेलं. तुमच्या धिंगाण्याचं मूळ बहुधा तिथं! पण ते गायला होता ताफ्यातला रॉनी ड्रू. ल्यूकचा जीव कामगारांच्या गाण्यांत. १९८० मध्ये कॉर्कला मंचावरच कोसळला. मेंदूत गाठ. तरी जमेल तसा गात राहिला. १९८४ च्या जानेवारीत गेला, त्रेचाळिसाव्या वर्षी.

आपले शाहीर अण्णाभाऊ आणि अमर शेख आठवल्याशिवाय राहत नाहीत. तोच लाल बावटा, तोच खडा आवाज. अण्णाभाऊंचं टपाल तिकीट निघालं, पुतळे झाले, जयंतीला डीजे लागतो. पण त्यांची एक छक्कड अख्खी म्हणून दाखवणारा आमच्या सोसायटीत तरी कुणी नाही. इथं ल्यूकची गाणी बसचा ड्रायव्हरही पुरती म्हणतो, कडवं न गाळता.

पुतळ्यांच्या बाबतीत मात्र हे लोक धन्य आहेत. २०१९ मध्ये राष्ट्राध्यक्षांनी एकाच दिवशी ल्यूकचे दोन पुतळे खुले केले. लिफी नदीच्या दक्षिणेला बँजो घेऊन बसलेला ब्राँझचा ल्यूक. उत्तरेला, त्याच्या जन्मगल्लीजवळ, संगमरवरी भलंमोठं मस्तक, तांब्याच्या तारांचे केस लावलेलं. त्या मस्तकाला कुणीतरी पुन्हा पुन्हा रंग फासतं. आपल्याकडे असं झालं तर दुपारपर्यंत शहर बंद! इथं साफ करतात नि कामाला लागतात. मी तावातावानं हे शेरिफ स्ट्रीटच्या एका आजींना ऐकवलं. त्यांचं दुखणं वेगळंच : "अख्खा माणूस नेऊन बसवला पलीकडच्या पैसेवाल्यांत. आम्हाला काय, नुसतं मुंडकं!"