मानेसरचे उंदीर आणि बाजारातली अश्वगंधा

दिल्लीहून जयपूरकडे जाणारा महामार्ग गुरुग्राम ओलांडतो आणि मानेसरचे कारखाने सुरू होतात. मारुतीच्या गाड्यांमुळे हे नाव देशभर पोहोचले. त्याच मानेसरमध्ये, अरवलीच्या टेकड्यांना लागून, राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र आहे. केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाची ही संस्था. तिच्या संस्थापक-संचालक विजयालक्ष्मी रवींद्रनाथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2012 साली अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या मुखपत्रात एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्याचा विषय होता अश्वगंधा.

अल्झायमरसारखा आजार व्हावा म्हणून जनुकांत बदल केलेले उंदीर त्यांनी घेतले. या उंदरांच्या मेंदूत अमायलॉइड नावाच्या प्रथिनाचे थर साचतात आणि शिकलेली वाट ते विसरतात. त्यांना अश्वगंधेच्या मुळाचा अर्धशुद्ध अर्क 30 दिवस तोंडावाटे दिला. मध्यमवयीन आणि म्हातारे, दोन्ही वयांचे उंदीर सुधारले. वागण्यातले दोष कमी झाले, मेंदूतले थरही घटले.

खरे नवल पुढे आहे. मेंदू साफ होण्यामागे यकृत होते. अर्कामुळे यकृतात एलआरपी हे प्रथिन वाढले, त्याचा विरघळणारा अंश रक्तात उतरला आणि मेंदूतले अमायलॉइड रक्ताकडे ओढले गेले. हे पडताळण्यासाठी संशोधकांनी काही उंदरांच्या यकृतातले एलआरपी मुद्दाम दाबून टाकले. त्या उंदरांमध्ये अश्वगंधेचा गुण दिसेनासा झाला. वनस्पतीचा परिणाम दिसला एवढ्यावर न थांबता तो कोणत्या वाटेने होतो हे इतक्या नेटाने शोधणारे काम फार थोडे होते, म्हणून मानेसरच्या या निबंधाची जगभर दखल घेतली गेली.

भारतात साठीपुढच्या सुमारे 88 लाख माणसांना स्मृतिभ्रंश आहे, असा 2023 मधला एक मोठा राष्ट्रीय अंदाज सांगतो. घरातले माणूस डोळ्यांदेखत परके होताना पाहणाऱ्या कुटुंबाला अशी बातमी वाचून आशा वाटली, तर त्यात त्याची काहीच चूक नाही. मात्र उंदीर आणि माणूस यांच्यात चाचण्यांचे अनेक टप्पे आहेत. अश्वगंधेने माणसांचा अल्झायमर बरा होतो हे दाखवणारी मोठी चाचणी अजून झालेली नाही. माणसांवरचे बहुतेक अभ्यास ताण आणि झोप यांवरचे आहेत. 2012 सालीच प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय चाचणीत 64 जणांना 60 दिवस अर्क किंवा खोटी गोळी दिली होती. अर्क घेणाऱ्यांचा ताण आणि रक्तातले कॉर्टिसोल कमी झाले. अशा छोट्या, थोड्या दिवसांच्या चाचण्यांवर आज मोठा बाजार उभा आहे. तीन महिन्यांपलीकडे रोज घेतल्यास काय होते, याची विश्वासार्ह माहिती फार तुटपुंजी आहे.

आणि मग तेच यकृत वेगळ्या कारणाने चर्चेत आले. 2020 साली आइसलंड आणि अमेरिकेतल्या डॉक्टरांनी अश्वगंधा घेणाऱ्या पाच रुग्णांची हकिगत एकत्र मांडली. गोळ्या सुरू केल्यापासून 2 ते 12 आठवड्यांत त्यांना कावीळ झाली आणि अंगाला असह्य खाज सुटली. गोळ्या बंद केल्यावर काही महिन्यांत चौघांचे यकृत पूर्ववत झाले, पाचव्याचा पुढचा माग लागला नाही. 2023 मध्ये केरळचे यकृततज्ज्ञ सिरियॅक अ‍ॅबी फिलिप्स आणि सहकाऱ्यांनी भारतातले रुग्ण मांडले, ते चित्र अधिक गंभीर होते. ज्यांचे यकृत आधीपासून आजारी होते अशांपैकी तिघांचे यकृत निकामी झाले आणि तिघेही दगावले. लाखो लोक अश्वगंधा घेतात आणि बहुतेकांना असा त्रास होत नाही, हेही खरे आहे. पण कोणाला होईल हे आधी ओळखता येत नाही आणि यकृताचा जुना आजार पुष्कळांना स्वतःलाच ठाऊक नसतो. मानेसरच्या उंदरांतला गुण आणि या रुग्णांतले नुकसान एकाच कारणाने घडते, असे कोणी सिद्ध केलेले नाही. एवढे मात्र उघड आहे की हा अर्क शरीरातून नुसता येऊन जात नाही, तो काम करतो. काम करणाऱ्या पदार्थाला मात्रा असते, मुदत असते आणि तो कोणी घेऊ नये याचीही यादी असते. गर्भवती, थायरॉइडची गोळी घेणारे आणि यकृताचे रुग्ण त्या यादीत सर्वांत वर येतात.

डेन्मार्कने 2023 मध्ये पूरक आहारातल्या अश्वगंधेवर बंदीच घातली. थायरॉइड व लैंगिक हार्मोन्सवरचा परिणाम आणि गर्भपाताचा धोका ही त्यांची कारणे. भारतातल्या जाणकारांनी त्यावर आक्षेप घेतले. पाने, फळे आणि मूळ यांचा वेगळा विचार झाला नाही, हा त्यातला मुख्य. आक्षेप दखल घेण्याजोगा आहे, कारण परंपरेने वापरले जाते ते मूळ. पण आपल्याकडेही पाने कारखान्यांत पोहोचत होतीच. ती स्वस्त पडतात. म्हणून ऑक्टोबर 2021 मध्ये आयुष मंत्रालयाला उत्पादकांना लेखी कळवावे लागले की अश्वगंधेची पाने वापरू नका. ग्राहकाला कॅप्सूल उघडून मूळ कोणते आणि पान कोणते हे ओळखता येणे शक्य नाही.

अश्वगंधेची बाटली आपल्याकडे दोन वाटांनी दुकानात येते. एक आयुर्वेदिक औषध म्हणून, राज्याच्या औषध परवान्यावर. दुसरी अन्नपदार्थ म्हणून, एफएसएसएआय या अन्न नियामकाच्या नियमांखाली. पूरक आहाराचे हे नियम 2016 चे. त्यानुसार वेष्टनावर हे उत्पादन औषधी वापरासाठी नाही असे छापावे लागते. ही ओळ बारीक अक्षरांत असते आणि समोरच्या बाजूला स्मरणशक्ती, ताकद, प्रतिकारशक्ती हे शब्द ठळक असतात.

लेबलवर लिहिलेले तरी आत असते का? प्रथिनांच्या पावडरींबाबत याचे उत्तर 2024 मध्ये मिळाले. भारतात खपणाऱ्या 36 पावडरी फिलिप्स यांच्याच गटाने तपासल्या. सुमारे 70 टक्क्यांमध्ये प्रथिनांचा आकडा चुकीचा निघाला. काहींत तर लिहिल्याच्या निम्मेच प्रथिन होते. 14 टक्के पावडरींत बुरशीपासून होणारे अफलाटॉक्सिन हे विष सापडले. त्याच वर्षी मे महिन्यात हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने आहाराची नवी मार्गदर्शक तत्त्वे काढली आणि शरीर कमावण्यासाठी अशा पावडरी टाळाव्यात असे सांगितले. जिममध्ये जाणाऱ्या मुलासाठी महिन्याच्या खर्चातून पैसे बाजूला काढणाऱ्या घरांनी हे दोन्ही वाचायला हवे.

मानेसरच्या त्याच केंद्रात प्रवतकुमार मंडल यांच्या गटाने आणखी एका पदार्थावर काम केले, तो म्हणजे ग्लुटाथिओन. पेशींना झिजेपासून वाचवणारा हा रेणू शरीर स्वतःच तीन अमिनो आम्लांपासून बनवते. मंडल यांनी एमआरआयच्या यंत्रावर, सुई न टोचता, जिवंत माणसाच्या मेंदूतले ग्लुटाथिओन मोजले. आठवणींशी निगडित हिप्पोकॅम्पस या भागात ते अल्झायमरच्या रुग्णांमध्ये कमी आढळले. आजाराच्या आधीच्या सौम्य विस्मरणाच्या टप्प्यावरही कमी आढळले. यातून रोग लवकर ओळखण्याची वाट निघू शकते. बाहेरून ग्लुटाथिओन देऊन ही घट भरून निघेल का, हा पुढचा प्रश्न, आणि तो चाचणीनेच सुटेल. तोंडाने घेतलेल्या ग्लुटाथिओनचा बराच भाग पचनातच तुटतो. तरीही शहरांतून आज ग्लुटाथिओन विकले जाते ते गोरेपणासाठी. गोळ्यांच्या रूपात आणि शिरेतून देण्याच्या इंजेक्शनांच्याही. शिरेतून गोरेपणा देणे सुरक्षित आहे असा पुरावा नाही, आणि तरुण मुली त्यासाठी दंड पुढे करतात हे चीड आणणारे आहे.

उणीव आधी मोजायची, मग भरायची, हे काम नीट कसे होते त्याचे उदाहरण पुण्यात आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 1993 मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत गर्भवतींचा अभ्यास सुरू केला. जवळपास दोन तृतीयांश मातांच्या रक्तात बी-12 जीवनसत्त्व कमी निघाले. फॉलेट या दुसऱ्या जीवनसत्त्वाची कमतरता मात्र जवळजवळ कोणालाच नव्हती. त्यांची मुले सहा वर्षांची झाल्यावर पुन्हा तपासली. ज्यांच्या आईच्या रक्तात बी-12 कमी आणि फॉलेट जास्त होते, त्या मुलांचे शरीर इन्सुलिनला सर्वांत कमी दाद देत होते. म्हणजे पुढे मधुमेहाचा धोका अधिक. गरोदरपणी फॉलिक अ‍ॅसिड द्यायलाच हवे, बाळाच्या मज्जारज्जूसाठी ते आवश्यक आहे. पण सोबत बी-12 कडेही बघायला हवे, हा या गावांनी जगाला दिलेला धडा.

मग याज्ञिकांच्या गटाने याच मुलांना, ती किशोरवयात आल्यावर, बी-12 देऊन पाहिले. मात्रा होती रोज 2 मायक्रोग्रॅम, साधारण रोजच्या गरजेइतकी. औषधाच्या दुकानात बी-12 ची सर्रास मिळणारी गोळी 1500 मायक्रोग्रॅमची असते. एका गटाला नुसते बी-12, दुसऱ्याला त्यासोबत इतर जीवनसत्त्वे, खनिजे आणि दुधाचे प्रथिन, तिसऱ्याला खोटी गोळी. यातल्या मुलींना पुढे बाळे झाली. बाळांचे जन्मवजन वाढले नाही. नुसते बी-12 घेतलेल्या मातांची बाळे मात्र आकलन आणि भाषेच्या चाचण्यांत पुढे होती. सगळे एकत्र घेतलेल्या गटात हा फरक दिसला नाही. तपासलेली बाळे थोडी होती, त्यामुळे हा निकाल जपूनच वाचायचा.

उणीव न मोजता भरपूर दिले तर काय होते, तेही माहीत आहे. फिनलंडमध्ये 29,133 धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर झालेल्या चाचणीत, 1994 मध्ये, बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांना फुफ्फुसाचा कर्करोग 18 टक्के जास्त झाला. गाजरातले म्हणून निरुपद्रवी वाटलेले तेच द्रव्य. अमेरिकेत 25,871 जणांना ड जीवनसत्त्व आणि माशाच्या तेलातले ओमेगा-3 पाच वर्षे देऊन पाहिले. 2018 मध्ये निकाल आला तेव्हा कर्करोग किंवा हृदयविकार एकूण कमी झालेला नव्हता. यातल्या बहुतेकांना ड जीवनसत्त्वाची कमतरता नव्हती. ज्याच्या रक्तात ते खरोखर कमी आहे, त्याला डॉक्टरांनी दिलेला डोस लागतोच.

पुन्हा अश्वगंधेकडे वळायचे तर, ती घेणाऱ्याने काही खुणा ओळखाव्यात: लघवी गडद होणे, डोळे पिवळे दिसणे, पुरळ नसताना अंगाला खाज, भूक जाणे. असे झाले तर गोळ्या त्याच दिवशी थांबवायच्या, यकृताची रक्ततपासणी करायची आणि डॉक्टरांकडे जाताना बाटली सोबत न्यायची. 'काही औषध घेता का?' या प्रश्नावर पुष्कळ जण 'नाही' म्हणतात, कारण काढा, चूर्ण किंवा पावडर यांना ते औषध मानत नाहीत. तिथे निदान चुकते. अशा त्रासाची नोंद करण्याची सोय दिल्लीच्या आसपासच आहे: आयुर्वेदिक औषधांसाठी नवी दिल्लीची अखिल भारतीय आयुर्वेद संस्था आणि इतर औषधांसाठी गाझियाबादचा भारतीय औषधसंहिता आयोग, ज्याचा मोफत क्रमांक 1800-180-3024 आहे. त्या पाचांपैकी आइसलंडसारख्या चिमुकल्या देशातले तीन रुग्ण जगाला कळले, कारण तिथल्या डॉक्टरांनी ते नोंदवले. अश्वगंधा पिकते आणि मोठ्या प्रमाणावर वापरली जाते ती आपल्या देशात, आणि इथले रुग्ण मोजायचे तर ही नोंद रुग्ण आणि डॉक्टर दोघांनीही करावी लागेल.