हायस्कूलची पायरी आणि एडीएचडी : जे हवे ते लेखी मागा

"हुशार आहे हो, पण लक्ष नाही!" हे वाक्य आपल्या घराघरांतून ऐकू येते. पुष्कळ मुलांच्या बाबतीत तो वयाचा भाग असतो. काहींच्या बाबतीत मात्र त्यामागे एडीएचडी असते, म्हणजे लक्ष टिकवणे, कामाची आखणी करणे आणि उतावीळपणा आवरणे यांत येणारी, मेंदूच्या वाढीशी निगडित अशी अडचण. आळसाशी किंवा संस्कारांशी तिचा संबंध नाही. आनुवंशिकतेचा वाटा मात्र मोठा असतो. आमच्या मुलाचे निदान झाले तेव्हा सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "म्हणजे बापावर गेलाय! तोही एका पावसाळ्यात तीन छत्र्या हरवायचा."

मुलगा आता दहाव्या इयत्तेत आहे. नववीच्या उंबरठ्यावर ज्यांची मुले आहेत अशा पालकांसाठी आमचा अनुभव लिहीत आहे.

हायस्कूलमध्ये नेमके काय बदलते? सहा-सात विषयांचे सहा-सात शिक्षक, आणि प्रत्येकाच्या हाताखाली भरपूर मुले. एक गृहपाठ फळ्यावर लिहितो, दुसरा संगणकावर टाकतो, तिसरा तास संपता संपता तोंडी सांगतो. महिन्याभराच्या प्रकल्पाची आठवण कोणी रोज करून देत नाही. आणि नववीपासूनचे गुण कॉलेजला जाणाऱ्या ट्रान्सक्रिप्टवर चढतात. अशा वेळी आपल्या मुलाची गरज सर्व शिक्षकांना सारखीच कळावी यासाठी एक लेखी योजना हवी.

अमेरिकेत त्यासाठी कायद्याच्या दोन वाटा आहेत. पहिली १९७३ च्या रिहॅबिलिटेशन अ‍ॅक्टमधील सेक्शन ५०४. हिच्यात मूल सहसा नेहमीच्याच वर्गात बसते आणि त्याला आवश्यक त्या सोयी मिळतात. दुसरी 'आयडिया' या विशेष शिक्षणाच्या कायद्याची. मुलाला खास शिकवणीची गरज असेल तर तिच्याखाली आयईपी तयार होतो. एडीएचडीची मुले तेथे बहुधा 'अदर हेल्थ इम्पेअरमेंट' या गटात येतात. पब्लिक स्कूलने केलेल्या तपासणीसाठी पालकांना पैसे पडत नाहीत. हीच तपासणी खाजगीरीत्या करून घेतली तर काही हजार डॉलर सहज जातात.

विनंती तोंडी करू नका. पत्र किंवा ईमेल पाठवा, त्यावर तारीख घाला, प्रत जपून ठेवा. आयडियाखाली पालकांनी लेखी संमती दिल्यापासून ६० दिवसांत तपासणी पूर्ण व्हावी लागते. राज्याची स्वतःची मुदत असल्यास ती लागू होते. मिडल स्कूलमध्ये योजना असेल तर आठवीच्या वसंत ऋतूतच आढावा बैठक मागा आणि हायस्कूलच्या समुपदेशकाला तिला बोलवायला सांगा.

आमच्या बैठकीत आम्हांला ऐकवण्यात आले, "याला तर बी मिळतात, मग सोयी कशाला?" तो बी मिळवण्यासाठी मुलगा रात्री बारापर्यंत जागत होता आणि घरी रडारड होत होती, हे कोणत्याही गुणपत्रिकेत दिसत नाही. केंद्रीय शिक्षण खात्याने २०१६ साली एडीएचडीविषयी शाळांसाठी मार्गदर्शिका काढली. केवळ गुण चांगले आहेत म्हणून सेक्शन ५०४ चे संरक्षण नाकारता येत नाही, असे तीत स्पष्ट आहे. आम्ही पत्रात तिचा उल्लेख केला, सोबत तीन आठवड्यांची गृहपाठाच्या वेळांची नोंद जोडली, आणि योजना मंजूर झाली.

सोयी मोजक्या आणि नेमक्या मागाव्यात. आमच्या योजनेत पाच आहेत: परीक्षेला दीडपट वेळ आणि शांत खोली, पुढच्या ओळीत जागा, प्रत्येक गृहपाठ लेखी, मोठ्या प्रकल्पाचे तारखांसह तुकडे, आणि आठवड्यातून एकदा समुपदेशकाबरोबर दहा मिनिटे.

आता आपल्या मंडळींच्या तीन शंका. "मुलावर शिक्का बसेल का?" शाळेतील नोंदी गोपनीय असतात, आणि जादा वेळ घेऊन दिलेल्या एसएटीच्या निकालावर तशी खूण करण्याची पद्धत २००३ साली बंद झाली. मात्र एसएटीसाठी कॉलेज बोर्डाची वेगळी परवानगी लागते. तिला सात आठवड्यांपर्यंत वेळ लागू शकतो, म्हणून अर्ज लवकर करावा. "शाळा औषधाची सक्ती करील का?" करू शकत नाही. या विकारासाठी सर्रास दिल्या जाणाऱ्या उत्तेजक औषधांसारखी नियंत्रित औषधे घेतल्याशिवाय शाळेत येऊ देणार नाही, असे म्हणण्यास आयडिया कायद्यात २००४ पासून मनाई आहे. औषधाचा निर्णय तुमचा, मुलाचा आणि डॉक्टरांचा. "लोक काय म्हणतील?" याला कायद्यात उत्तर नाही. पण चष्मा लागलेल्या मुलाला कोणी "डोळे ताणून बघ" म्हणत नाही, इतके आपण एकमेकांना सांगू शकतो.

शेवटी सर्वांत महत्त्वाचे. हायस्कूल संपले की आयडियाचे छत्र संपते. कॉलेजमध्येही सोयी मिळतात, पण त्या विद्यार्थ्याने स्वतः मागायच्या असतात. आईचा फोन तेथे चालत नाही. म्हणून नववीपासूनच मुलाला बैठकीत बसवा आणि बोलू द्या. आमचा मुलगा पहिल्या बैठकीत टेबलाकडे बघत बसला होता. यंदा त्याने प्रत्येक शिक्षकाला स्वतः सांगितले, "मला गृहपाठ लिहून दिलात तर मी तो करतो. ऐकलेला विसरतो."

आम्ही शाळेला पाठवलेल्या पत्राचा नमुना मराठी टिपणासह तयार आहे. गणेशोत्सवात भेटाल तेव्हा अवश्य मागून घ्या. तुमचे नाव-गाव कोणी विचारणार नाही.