धनादेश वटेपर्यंत

वस्तू देणे आणि तिचे मोल घेणे या दोन्ही क्रिया घडल्या, म्हणजे विक्रीचा व्यवहार पुरा होतो. आठवड्याच्या बाजारात एका हाताने भाजी दिली जाते व दुसऱ्या हाताने पैसे घेतले जातात. तेथे फसवणुकीस फारसा वाव नसतो. परंतु मोल धनादेशाने मिळते, तेव्हा या दोन क्रियांमध्ये काही काळ लोटतो. लबाड मनुष्य नेमका त्याच काळाचा लाभ उठवतो.

धनादेश, म्हणजेच चेक, हा पैसा नव्हे. आपल्या खात्यातून अमुक व्यक्तीस अमुक रक्कम द्यावी, अशी खातेदाराने बँकेस केलेली ती लेखी आज्ञा होय. विक्रेता धनादेश आपल्या बँकेत भरतो व ती बँक तो खरेदीदाराच्या बँकेकडे पाठवते. खात्यात पुरेशी शिल्लक आहे काय, सही जुळते काय, कोठे खाडाखोड झाली आहे काय, हे पाहून ती बँक होकार किंवा नकार देते. होकार मिळून रक्कम जमा झाली, की धनादेश वटला असे म्हणतात. पूर्वी हे कागद गावोगावी प्रवास करीत. २००८ साली नवी दिल्लीत आरंभ झालेल्या पद्धतीमुळे आता कागदाऐवजी त्याचे चित्र पाठवले जाते. त्यामुळे वेळ वाचला. निर्णय मात्र खरेदीदाराच्या बँकेकडेच राहिला.

समजा, एका कुटुंबाने आपली जुनी मोटारसायकल विकावयास काढली. किंमत ४०,००० रुपये ठरली. शनिवारी सायंकाळी, बँक बंद झाल्यावर, खरेदीदार येतो आणि धनादेश भरल्याची पावती दाखवतो. "पैसे तुमच्या खात्यात भरले आहेत, गाडी आजच हवी," अशी निकड तो लावतो. पावती खरीच असते. परंतु ती धनादेश स्वीकारल्याची असते, पैसे मिळाल्याची नव्हे. पुढे धनादेश न वटता परत येतो, तोवर गाडी, तिची कागदपत्रे आणि खरेदीदार, सारेच दिसेनासे झालेले असते.

दुसरी युक्ती याहून कावेबाज आहे. खरेदीदार ४०,००० ऐवजी ५५,००० रुपयांचा धनादेश देतो आणि वरचे १५,००० रुपये रोख परत मागतो. धनादेश बनावट असल्यास विक्रेत्याची वस्तू जाते आणि पदरचे पैसेही जातात. अमेरिकेत धनादेशाची पूर्ण पडताळणी होण्यापूर्वीच रक्कम काढू देण्याची पद्धत असल्यामुळे तेथे ही युक्ती विशेष बोकाळली. पुढे धनादेश खोटा ठरला, की बँक ती रक्कम विक्रेत्याकडूनच वसूल करते.

आपल्या देशात धनादेशाविषयीचा कायदा १८८१ सालचा आहे. त्यात १९८८ साली नवी कलमे घालण्यात आली. देणे फेडण्यासाठी दिलेला धनादेश शिल्लक नसल्यामुळे परत आला, तर बँकेकडून तसे कळल्यापासून ३० दिवसांच्या आत विक्रेत्याने खरेदीदारास लेखी नोटीस द्यावी लागते. नोटीस मिळाल्यावर १५ दिवसांत त्याने पैसे दिले नाहीत, तर तो गुन्हा ठरतो. त्यास दोन वर्षांपर्यंत कैद, रकमेच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. परंतु धनादेशच चोरीचा आणि देणाऱ्याचे नावच खोटे असेल, तर नोटीस कोणाच्या पत्त्यावर धाडावयाची? म्हणून कायद्याचा आधार घेण्याची वेळ येण्यापूर्वीच सावध राहणे श्रेयस्कर होय.

ही सावधगिरी अवघड नाही. व्यवहार शक्यतो बँकेच्या वेळात करावा. रक्कम थेट खात्यात पाठवण्यास सांगावे आणि ती जमा झाल्याची खातरी आपल्याच खात्यात पाहून करावी. खरेदीदाराच्या दूरध्वनीवरील संदेशावर विसंबू नये. धनादेश घेतलाच, तर त्यावरील तारीख, नाव, अंकी व अक्षरी रक्कम तपासावी. तो तारखेपासून तीन महिन्यांच्या आत बँकेत सादर करावा लागतो. ठरलेल्या किमतीहून अधिक रकमेचा धनादेश मुळीच स्वीकारू नये. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, धनादेश वटला असे बँकेने सांगेपर्यंत वस्तू आणि तिची कागदपत्रे हातची सोडू नयेत.

असे थांबावयास सांगणे म्हणजे समोरच्यावर अविश्वास दाखवणे नव्हे. प्रामाणिक खरेदीदारास ते रास्तच वाटते. जो थांबावयास तयार नसतो, त्याच्या घाईचे कारण मात्र अवश्य विचारावे.