वैशाखापर्यंत टिकणारी परसबाग

अजिंठ्याच्या डोंगररांगा उतरून वऱ्हाडचे मैदान जेथे सुरू होते, तेथे पातूर वसले आहे. गावाशेजारच्या टेकडीत कोरलेली जुनी लेणी, डोंगरावरील रेणुकामातेचे देऊळ आणि तालुक्यातील मोर्णा व निर्गुणा यांचे जलाशय यांमुळे हा भाग ओळखीचा झाला आहे. फाल्गुन लागला की डोंगरावर पळस फुलतो, शेतांतून तुरीची मळणी संपलेली असते, गहू-हरभरा घरात येऊ लागतो आणि गृहिणीच्या हाताला थोडी उसंत मिळते. याच दिवसांत घरामागच्या वाडीत भाजीच्या चार ओळी टाकण्याचा विचार घरोघरी होतो.

विचार चांगला असतो. परंतु पुष्कळ ठिकाणी तो वैशाखापर्यंत तग धरीत नाही. फाल्गुनात विहिरीला पाणी असते, ऊन सोसवते, म्हणून वाफे मोठे आखले जातात. चैत्र सरता सरता विहीर तळ गाठते, अकोल्याच्या बाजूस पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, आणि शेंगा धरण्याच्या ऐन वेळी वेल माना टाकतात. बी, खत आणि मेहनत तर वाया जातेच. शिवाय ज्या दोन महिन्यांत बाजारात भाजी सर्वांत महाग असते, नेमक्या त्याच महिन्यांत ताट सुने पडते.

हे नुकसान केवळ पैशाचे नव्हे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५४.२ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. घरात भाजी थोडी असली की ती प्रथम मुलांच्या व पुरुषांच्या ताटात जाते, आणि शेवटी जेवणारी गृहिणी भाकरी व ठेचा यांवर भागवते, हे कोणत्याही खेड्यात दिसणारे दृश्य आहे. म्हणून उन्हाळी परसबाग हा हौसेचा विषय न समजता घराच्या आरोग्याचा विषय समजावा.

आधी पाणी मोजावे, मग जमीन

डोंगरपायथ्याच्या एखाद्या गावातील पाच माणसांचे घर डोळ्यांपुढे आणावे. मागील वर्षी वाडी वाळली. यंदा सून गरोदर आहे आणि पुन्हा भाजी लावावी असे तिच्या मनात आहे. सासूबाई म्हणतात, "माय वो, प्याले पाणी पुरत नाही, अन् भाजीले कुठून आणशीन?" सासूबाईंचा प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर हंड्याने मोजूनच द्यावयास हवे.

आंघोळीचे, भांडी विसळलेले आणि धान्य-भाजी धुतलेले पाणी एक दिवस हौदीत साठवून मोजले, तर अशा घरी सुमारे चार हंडे, म्हणजे ६० लिटर पाणी सहज निघते. आता गरज पाहू. वाफ्यावर आच्छादन असले तरी कडक उन्हाळ्यात एका चौरस मीटरला रोज सुमारे ६ लिटर पाणी लागते. आच्छादन नसल्यास ८ लिटर किंवा अधिकही. म्हणजे ६० लिटरवर दहा चौरस मीटर, बारा फूट लांब व नऊ फूट रुंद, एवढेच वाफे वैशाखात जगू शकतात. फाल्गुनात हेच पाणी याहून मोठ्या जागेस पुरते, आणि फसगत होते ती तेथेच. वाफा फाल्गुनाच्या पाण्यावर न आखता वैशाखाच्या पाण्यावर आखावा. पिण्याच्या पाण्यातील एक तांब्याही मग वाडीला द्यावा लागत नाही.

साबणाचे पाणी सरळ मुळाशी सोडू नये. न्हाणीच्या मोरीपुढे हातभर खोल खड्डा करून त्यात खाली गोटे, वर खडी व त्यावर वाळू भरावी आणि तेथून पाणी सरीत घ्यावे. मोरीलगत कर्दळ, अळू व केळ लावावी. कपडे धुण्याच्या पावडरीचे पाणी भाजीला देऊच नये. सांडपाणी नेहमी सरीतून द्यावे, पानांवर शिंपडू नये. कच्च्या खाण्याच्या सांबारासाठी, म्हणजे कोथिंबिरीसाठी, स्वच्छ पाण्याचा एक लहान कोपरा वेगळा ठेवावा.

काय लावावे

माघाच्या शेवटापासून फाल्गुनाच्या मध्यापर्यंत पेरणी आटोपावी. गवार, भेंडी व चवळी यांना ऊन मानवते. भेंडीचे बी रात्रभर भिजवून दीड फुटाच्या ओळींत फूटभर अंतराने टोकावे. सुमारे दीड महिन्यात पहिली तोडणी मिळते. गवारीसाठी 'पुसा नवबहार' आणि भेंडीसाठी परभणीच्या कृषी विद्यापीठाची 'परभणी क्रांती' या सरळ जाती आहेत. त्यांचे बी घरी धरता येते. तांदुळजा तीन-चार आठवड्यांत हाती येतो, म्हणून तो एकदम न पेरता दर पंधरा दिवसांनी थोडा थोडा पेरावा.

दोडका व कारले यांच्यासाठी मडक्याची जुनी युक्ती उपयोगी पडते. न भाजलेले नव्हे, तर भाजलेले पण पाझरणारे मातीचे मडके गळ्यापर्यंत जमिनीत पुरावे, त्याभोवती चार बिया लावाव्या, मडके पाण्याने भरून तोंड झाकावे. पाणी मुळांशीच पाझरते आणि उन्हाने उडून जात नाही. वेल चढविण्यास पऱ्हाट्या व तुराट्या यांचा मांडव पुरतो. त्या मांडवाची विरळ सावली पालेभाजीवर पडेल अशी मांडणी करावी. सर्व वाफ्यांवर कुटाराचा चार बोटे जाड थर द्यावा. मात्र तो खोडाला भिडवू नये. पाणी सूर्यास्तानंतर किंवा पहाटे द्यावे.

भेंडीची पाने पिवळ्या शिरांची झाली तर तो हळद्या रोग होय. पांढरी माशी तो पसरविते. असे झाड मोह न धरता उपटून टाकावे. माशीसाठी अर्धा किलो निंबोळ्या कुटून रात्रभर पाण्यात भिजवाव्या, गाळून दहा लिटर द्रावण करावे व सायंकाळी फवारावे. फळमाशीने किडलेली दोडकी-कारली वाडीत पडू न देता खोल पुरावी.

वाडीतून चुलीकडे

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली दिलेल्या मार्गदर्शनाप्रमाणे प्रौढ माणसाच्या आहारात रोज सुमारे ४०० ग्रॅम भाजी असावी. पाच माणसांस दोन किलो झाली. दहा चौरस मीटरचे वाफे एवढी भाजी देणार नाहीत, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. परंतु पालेभाजीची जुडी, गवारीची मूठ व दोन दोडकी आलटून पालटून घरात येत राहिली, तर ताट कोरडे राहत नाही.

जे येते त्याचा कस राखणे गृहिणीच्या हाती आहे. भाजी चिरण्यापूर्वी धुवावी, चिरल्यावर नव्हे. झाकण ठेवून थोड्या पाण्यात शिजवावी आणि ते पाणी फेकू नये. तांदुळज्याच्या भाजीवर लिंबू पिळावे किंवा जेवणात कैरीची फोड असावी. आंबटातील क जीवनसत्त्वामुळे भाजीतील लोह अंगी लागण्यास मदत होते. जेवणाबरोबर चहा घेतल्यास उलट परिणाम होतो. कळण्याची भाकरी, चवळीच्या शेंगांची भाजी, पन्हे आणि ज्वारीची आंबील हे वऱ्हाडी उन्हाळ्याचे जेवण साधे असले तरी समतोल आहे.

चैत्रात अंगणोअंगणी कुरडया, धापोडे व मुगवड्या वाळत असतात. त्यांच्या शेजारी गवार व कारल्याचे काप वाळवावेत. ते दोन-तीन मिनिटे उकळत्या पाण्यातून काढून पातळ कापडाखाली सावलीत वाळविले, तर रंग व सत्त्व बरेच टिकते. मृगाच्या गडबडीत, चिखलात बाजार अडतो तेव्हा हीच सुकवणी कामी येते.

बी घरचे

गवार व चवळी यांत परपरागीकरण फारसे होत नाही, त्यामुळे त्यांचे बी जातिवंत राहते. निरोगी, भरपूर शेंगांची दोन-तीन झाडे आरंभीच दोरा बांधून निवडावीत व त्यांच्या शेंगा झाडावरच वाळू द्याव्या. शेवटी उरलेल्या खुरट्या शेंगांचे बी धरण्याची सवय सोडावी. बी राखेत मिसळून कोरड्या डब्यात ठेवावे. संकरित बियाण्याच्या झाडाचे बी मात्र धरू नये. पावसाळा सुरू झाला की मोरीजवळ शेवग्याचे एक झाड लावावे. पुढील उन्हाळ्यात थोड्या पाण्यावर तेच पाला व शेंगा देईल.

सासूबाईंच्या प्रश्नाचे उत्तर असे चार हंड्यांत आहे. वाडी लहान असावी, परंतु ती वैशाखात हिरवी असावी. आणि तिच्यातील पहिली भाजी शिजेल त्या दिवशी, घरात जिला तिची सर्वांत अधिक गरज आहे, त्या गरोदर सुनेचे ताट सर्वांच्या आधी वाढले जावे. एवढे घडले तर परसबागेचे श्रम सार्थकी लागले असे म्हणावयास हरकत नाही.