अश्वपालक विशिष्ट जात का निवडतात?

मार्गशीर्षात तापीकाठी सारंगखेड्याला दत्तजयंतीची यात्रा भरते आणि नांदेड जिल्ह्यातील माळेगावला खंडोबाची. दोन्ही ठिकाणी घोड्यांचा मोठा बाजार भरतो. खरेदीदार कान पाहतो, उंची मोजतो, दात तपासतो, अंगावरील भोवरे न्याहाळतो आणि शेवटी चाल दाखवण्यास सांगतो. यांपैकी काही निकषांमागे पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव असतो, काहींमागे बाजारभाव, तर काहींमागे केवळ समजूत असते. कोणत्या निकषाला किती वजन द्यावे, हे ठरवण्यासाठी त्यांतील फरक ओळखणे आवश्यक आहे. हा प्रश्न एका खरेदीपुरता मर्यादित नाही. २०१९ च्या पशुगणनेनुसार देशात घोडे व तट्टे मिळून सुमारे ३.४ लाख जनावरे उरली असून २०१२ च्या तुलनेत ही घट ४५ टक्क्यांहून अधिक आहे. कोणती जात टिकेल, हे बहुतांशी पालकांच्या निवडीवर अवलंबून राहणार आहे.

प्रदेशाने घडवलेले शरीर

देशी जातींचे गुण त्यांच्या मूळ प्रदेशाशी बांधलेले आहेत. मारवाडी घोडा पश्चिम राजस्थानातील कोरड्या भागात घडला. लांब पाय, ताठ मान आणि आत वळून टोकाशी भिडणारे कान ही त्याची ओळख होय. सौराष्ट्रातील काठियावाडी घोड्याचे कानही असेच वळलेले असतात; परंतु त्याचा चेहरा किंचित अंतर्वक्र व कपाळ रुंद असते. कच्छी-सिंधी घोड्याचे नाक बाहेरच्या बाजूस फुगीर दिसते, कानांची टोके वळलेली असली तरी एकमेकांना भिडत नाहीत, पाठ आखूड असते आणि रुंद खुरांमुळे वाळूत पाय चांगला रोवला जातो.

हिमालयातील गरज वेगळी आहे. लडाखमधील झंस्कारी आणि हिमाचल प्रदेशातील स्पिती ही तट्टे ठेंगणी, दाट केसांची व मजबूत पायांची असतात. विरळ हवेत, कडाक्याच्या थंडीत आणि अरुंद पायवाटांवर ओझे वाहण्याची त्यांची क्षमता उंच घोड्यात आढळत नाही. सिक्कीम व दार्जिलिंगच्या डोंगरात हेच काम भुतिया तट्टू करते. मणिपुरी तट्टू लहान, चपळ व झटकन वळणारे असल्याने पोलोच्या खेळात प्रसिद्ध झाले. कोणत्याही एका जातीला सर्वश्रेष्ठ म्हणता येत नाही. तिचे श्रेष्ठत्व विशिष्ट भूभागापुरते असते.

काम आणि चाल

दुसरा निकष कामाचा. दूरच्या रपेटीसाठी पालक रेवाल चालीचा घोडा शोधतात. या चालीत एका बाजूचे पुढचे व मागचे पाय जवळजवळ एकाच वेळी पडतात, त्यामुळे स्वाराला हिसके कमी बसतात. मारवाडी, काठियावाडी व कच्छी-सिंधी या जाती या चालीसाठी नावाजलेल्या आहेत. वरात, मिरवणूक व नाचकाम यांसाठी उंची आणि डौल पाहिला जातो. म्हणून तेथे मारवाडीला मागणी असते. मोटारबंदी असलेल्या माथेरानच्या चढउतारावर मात्र भक्कम पायाचे, शांत स्वभावाचे जनावर उपयोगी पडते.

शर्यतीतून निवृत्त झालेले थरोब्रेड घोडे काही वेळा कमी किमतीत मिळतात. उंची व रूप पाहून ते घेण्याचा मोह होतो. परंतु ही जात वेगासाठी घडवलेली असून तिला चांगला चारा, नियमित व्यायाम, खुरांची निगा आणि अनुभवी हात लागतो. तुटपुंज्या चाऱ्यावर किंवा ओझ्याच्या कामात असा घोडा लवकर खंगतो आणि स्वस्तात झालेला सौदा उपचारांच्या खर्चामुळे महाग ठरतो.

रंग, भोवरे आणि बाजारभाव

चारही पाय व कपाळ पांढरे असलेला पंचकल्याण घोडा शुभ मानला जातो. अंगावरील भोवऱ्यांच्या जागेवरूनही शुभाशुभ ठरवले जाते. या समजुतींचा जनावराच्या आरोग्याशी वा कार्यक्षमतेशी संबंध नाही. परंतु किमतीशी निश्चित आहे. विक्रीसाठी घोडे पाळणाऱ्याला त्यांची दखल घ्यावीच लागते. याउलट कामासाठी घोडा घेणाऱ्याला केवळ भोवऱ्यामुळे भाव उतरलेला निरोगी घोडा फायद्यात मिळू शकतो.

रंग व जात यांची गल्लत मात्र टाळावी. नुकरा म्हणून विकला जाणारा पांढरा, गुलाबी कातडीचा घोडा वरातीसाठी मागणीत असतो. नुकरा हे रंगाचे नाव आहे, नोंदणीकृत जातीचे नव्हे. गुलाबी कातडी उन्हाने भाजते; त्यामुळे अशा घोड्याला उन्हाळ्यात सावली व अधिक देखभाल लागते.

भीमथडीचा धडा

थडी म्हणजे नदीकाठ. भीमेच्या खोऱ्यातील भीमथडी किंवा दख्खनी घोड्याचे नाव मराठ्यांच्या घोडदळाशी जोडलेले आहे. पुढे हा घोडा दुर्लक्षित झाला, तरी नामशेष झाला नाही, कारण धनगर व इतर भटक्या पशुपालकांनी त्याला सोडले नाही. दिवाळीनंतर मेंढ्यांचे कळप घेऊन निघालेल्या वाड्याचा संसार, म्हणजे भांडीकुंडी, धान्य, कोंबड्या आणि नुकतीच जन्मलेली कोकरे, या घोड्यांच्या पाठीवर असतो. मिळेल त्या चाऱ्यावर भागवणारे, घाट चढणारे आणि मुलाबाळांत शांत राहणारे जनावर या कुटुंबांना हवे होते. त्यांच्या निवडीमुळेच ही जात जिवंत राहिली आणि राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोकडे, कच्छी-सिंधीनंतर, देशातील आठवी अश्वजात म्हणून तिची नोंद होऊ शकली.

आता धोका संकराचा आहे. उंच शिंगराला चांगला भाव मिळेल या आशेने भीमथडी घोडीचा संयोग बाहेरच्या जातीच्या घोड्याशी घडवल्यास पुढच्या पिढीत उंची येईल. पण काटकपणा टिकेलच याची खात्री नाही. घोडी सुमारे ११ महिने गाभण राहते, सहसा एकच शिंगरू देते आणि ते कामाला येण्यास तीन-चार वर्षे जातात. म्हणून पैदाशीतील चूक सुधारण्यास दीर्घ काळ लागतो.

निवड करताना घ्यावयाची दक्षता

विस्तार कार्यकर्त्यांनी पालकांसमोर प्रथम तीन प्रश्न ठेवावेत : घोडा कोणत्या कामासाठी हवा, तो कोणत्या भूभागात राहणार आणि वर्षभर चारा किती उपलब्ध आहे? या उत्तरांवरून जात ठरवावी आणि त्यानंतर पुढील बाबी तपासाव्यात.

• पाय व खुरे : घोडा सपाट व कठीण जमिनीवर चालवून व दुडकवून पाहावा. लंगडेपणा उभ्या घोड्यात लक्षात येत नाही.

• वंश : केवळ कानांवरून शुद्धता ठरवू नये. आई-वडील पाहावेत, जातीच्या नोंदवहीतील दाखला असल्यास तो घ्यावा.

• आरोग्य : ग्लँडर्स रोगासाठी रक्ततपासणीचा अहवाल मागावा. हा रोग माणसालाही होतो, त्यावर लस नाही आणि बाधित जनावर कायद्यानुसार नष्ट करावे लागते. यात्रेतून आणलेला घोडा काही आठवडे वेगळा बांधावा.

• आहार : नव्या जागी खुराक हळूहळू बदलावा. घोड्याला उलटी करता येत नाही. अचानक वाढवलेल्या धान्यामुळे जीवघेणा पोटशूळ होऊ शकतो.

• ओझे : १९६५ च्या नियमांनुसार तट्टाच्या पाठीवर ७० किलोपेक्षा अधिक भार लादता येत नाही. काम याहून जड असल्यास खेचराचा विचार करावा. त्याची मर्यादा २०० किलो आहे.

पैदास करणाऱ्यांनी शक्यतो आपल्या प्रदेशातील घोडीला त्याच जातीचा निवडक घोडा द्यावा आणि जन्मलेल्या प्रत्येक शिंगराची लेखी नोंद ठेवावी. भीमेच्या खोऱ्यात आजवर ही निवड वाड्यावरील कुटुंबांनी कोणत्याही कागदाविना केली; यापुढे तिला नोंदीची जोड मिळाल्यास त्यांच्या घोड्यांना योग्य भावही मिळू शकेल.