कॅरिबियनची सहल: भीती एकीकडे, धोका दुसरीकडे

न्यू जर्सी किंवा फ्लोरिडातल्या मराठी घरात नाताळच्या सुट्टीत कॅरिबियनला जायचं ठरलं, की पुण्या-मुंबईहून हमखास विचारणा होते, "तिकडे म्हणे फार खून होतात, कशाला जाताय?" ही काळजी खरी असते आणि तिच्यामागचा आकडाही खरा असतो. चूक होते ती त्या आकड्याचा अर्थ लावताना.

जमैकाचंच घ्या. जेमतेम अठ्ठावीस लाख वस्तीच्या या देशात 2023 मध्ये सुमारे 1,400 खून झाले, 2024 मध्ये सुमारे 1,150. म्हणजे 2024 मध्येही लाखामागे 40 च्या घरात. भारतात हेच प्रमाण लाखामागे दोनच्या आसपास असतं. हे वाचून पोटात गोळा येणं साहजिक आहे. पण यातले बहुतेक खून टोळ्यांच्या वैरातून होतात. ते किंग्स्टन, स्पॅनिश टाउन, माँटेगो बे इथल्या ठरावीक वस्त्यांत होतात आणि त्यात मरतात ती बहुतांशी तिथलीच तरुण मुलं. माँटेगो बेच्या आसपास हिंसा वाढली त्याचं एक मोठं कारण लॉटरीचा गंडा आहे. अमेरिकेतल्या वयस्कर माणसांना फोन करायचा, "तुम्हाला बक्षीस लागलंय, आधी फी भरा" म्हणायचं आणि पैसे उकळायचे. त्या पैशांवरून, इतकंच काय, फोन नंबरांच्या याद्यांवरूनही टोळ्या एकमेकांच्या जिवावर उठतात. या मारामाऱ्यांना लागणाऱ्या बंदुका बहुतेक बाहेरून येतात. 2018 ते 2022 या काळात कॅरिबियनमध्ये जप्त झालेल्या ज्या शस्त्रांचा माग अमेरिकी यंत्रणेने काढला, त्यातली 73 टक्के अमेरिकेतूनच आलेली होती. त्यामुळे हा खुनांचा दर वाचताना आधी त्या वस्त्यांमधल्या आईबापांचा विचार यायला हवा. जमैकातल्याच नेग्रिलच्या किनाऱ्यावर आठवडाभर उतरलेल्या कुटुंबाला किती धोका आहे, हे त्यावरून ठरवता येत नाही.

दुसरा घोळ सगळी बेटं एका माळेत ओवण्याचा. जमैकातलं किंग्स्टन ते त्रिनिदादमधलं पोर्ट ऑफ स्पेन हे अंतर सुमारे 1,800 किलोमीटर आहे, म्हणजे मुंबई-कोलकात्याहून जास्त. हैतीची राजधानी टोळ्यांच्या तावडीत आहे आणि तिथे सहलीला जाण्याचा विचारही करू नये. पण त्यावरून अँग्विला किंवा केमन बेटांवरचा बेत रद्द करण्यात काही अर्थ नाही. अमेरिकी परराष्ट्र खात्याच्या सूचनाही अशाच अर्धवट वाचल्या जातात. जानेवारी 2024 मध्ये बहामाजमध्ये महिनाभरात 18 खून झाले, अमेरिकेने नव्याने इशारा दिला आणि बातम्यांचा गदारोळ उठला. तो इशारा होता दुसऱ्या पातळीचा, म्हणजे 'जास्त सावध राहा'. भारत आणि फ्रान्सही त्याच पातळीवर आहेत.

त्रिनिदादमध्ये 30 डिसेंबर 2024 रोजी आणीबाणी लागू झाली, तेव्हा 'बेट बंद झालं' अशीच अनेकांची समजूत झाली. प्रत्यक्षात टोळ्यांवर छापे घालण्यासाठी पोलिसांना जादा अधिकार मिळाले होते. संचारबंदी नव्हती आणि मार्चमधला कार्निव्हलही त्याच आणीबाणीत पार पडला.

मला सर्वात जास्त काळजी वाटते ती याच्या उलट्या समजुतीची: 'रिसॉर्टच्या भिंतीआत आलो, आता निर्धास्त.' जमैकाबद्दलच्या अमेरिकी सूचनेत स्पष्ट लिहिलं आहे की लैंगिक अत्याचाराच्या घटना सर्व खर्च अंतर्भूत असलेल्या रिसॉर्टमध्येही घडतात. बहामाजच्या सूचनेत जेट स्की चालवणाऱ्यांकडून पर्यटक स्त्रियांवर झालेल्या अत्याचारांचा उल्लेख आहे. रिसॉर्टच्या आत दारू हवी तितकी मिळते, शेजारच्या टेबलावरची माणसं दोन दिवसांत ओळखीची वाटू लागतात आणि घरी जी खबरदारी सहज घेतली असती ती सुटते. आपला ग्लास टेबलावर सोडून जाऊ नका. रात्री मैत्रिणीला एकटीला खोलीवर पाठवू नका. तळमजल्यावर खोली असेल तर व्हरांड्याच्या सरकत्या दाराची कडी झोपण्याआधी हाताने ओढून पाहा. आणि काही विपरीत घडलंच तर रिसॉर्टच्या व्यवस्थापकाला सांगून थांबू नका, पोलिसांत तक्रार नोंदवा: जमैकात 119, बार्बाडोसमध्ये 211, त्रिनिदादमध्ये 999.

आणि रिसॉर्टबाहेर पडूच नये असंही नाही. टॅक्सीत बसण्याआधी नंबर पाटी बघायची. जमैकात परवानाधारक टॅक्सीची पाटी लाल असते आणि नंबर 'पीपी'ने सुरू होतो. त्रिनिदादमध्ये तो 'एच'ने आणि बार्बाडोसमध्ये 'झेड'ने सुरू होतो. गळ्यातलं सोनं खोलीतल्या तिजोरीत ठेवावं, कारण पर्यटकांच्या वाट्याला येणारा नेहमीचा गुन्हा म्हणजे किनाऱ्यावर टाकलेली पिशवी किंवा गळ्यातली साखळी जाणं.

जीव जातो तो मात्र बहुधा पाण्यात आणि रस्त्यावर. परदेशात मरण पावणाऱ्या धडधाकट अमेरिकी प्रवाशांच्या मृत्यूंत वाहन अपघात पहिल्या क्रमांकावर आहेत आणि बुडण्याचं प्रमाणही मोठं आहे. बार्बाडोसचा पश्चिम किनारा शांत आहे. पूर्वेला बाथशेबाला मात्र अटलांटिकच्या लाटा थेट येऊन आदळतात आणि पाण्याला जबरदस्त ओढ असते. तिथे पोहायला उतरूच नये. कितीतरी किनाऱ्यांवर जीवरक्षक नसतात. ओढीत सापडलात तर किनाऱ्याकडे धडपडू नका, किनाऱ्याला समांतर पोहत बाजूला सरका. रस्त्याचं म्हणाल, तर जमैका, बार्बाडोस, त्रिनिदादमध्ये गाड्या भारतासारख्याच डावीकडून चालतात, डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये उजवीकडून.

'जमैकात गांजा कायदेशीर आहे' हीसुद्धा अर्धवट माहिती. 2015 च्या दुरुस्तीनंतर दोन औंसांपर्यंत गांजा बाळगल्यास अटकेऐवजी दंड होतो. सार्वजनिक जागी ओढायला मनाई आहे आणि तो दुसऱ्या बेटावर नेणं म्हणजे थेट तुरुंगाची वाट. जमैका, बार्बाडोस, त्रिनिदादमध्ये सामान्य माणसाने लष्करी छापाचे कपडे घालणंही गुन्हा आहे, तेव्हा मुलाची तशी हाफपँट घरीच राहू द्या.

भारतीय पारपत्रावर जाणाऱ्यांनी चोरीचा विचार थोडा वेगळा करायला हवा. मुलाकडे अमेरिकेला आलेले आई-बाबा क्रूझवर गेले आणि त्यांचं पारपत्र गेलं, तर त्यासोबत अमेरिकेचा व्हिसाही जातो आणि बोटीवरून परत अमेरिकेत उतरणं अडतं. भारताचं उच्चायुक्तालय किंग्स्टनला आहे, पोर्ट ऑफ स्पेनला आहे, पण प्रत्येक बेटावर नाही. तिथून मिळणारा तातडीचा दाखला फक्त भारतात परतण्यापुरता असतो, त्यावर मुलाच्या घरी जाता येत नाही. म्हणून निघण्याआधी व्हिसाला एकापेक्षा जास्त प्रवेशांची मुभा आहे ना, हे बघून घ्या. पारपत्राचं आणि व्हिसाचं पान फोनमध्ये ठेवा, एक प्रत मुलाकडे राहू द्या. बेटावर उतरताना मूळ पारपत्र सोबत नेणं सक्तीचं आहे का ते बोटीवर विचारा आणि नसेल तर ते खोलीतल्या तिजोरीतच असू द्या.