घराजवळचे झाड तोडताना

पावसाळा तोंडावर आला की वस्तीत घरावर झुकलेल्या गुलमोहराची चर्चा सुरू होते. वर्गणी निघते आणि वस्तीतलाच एखादा पोरगा कुऱ्हाड घेऊन वर चढतो. ना कमरेला पट्टा, ना डोक्यावर हेल्मेट. रुग्णालयात नोकरी करताना अशी पोरे आम्ही स्ट्रेचरवरून येताना पाहिली आहेत. मणका मोडला तर घरातला कमावता माणूस कायमचा अंथरुणाला खिळू शकतो.

आधी झाड नीट पाहा. बुंधा पोकळ, खोडाला चीर, मुळाजवळची माती उचललेली किंवा झाड अचानक जास्त कललेले दिसले, तर धोका मोठा. फक्त फांदी पत्र्यावर येत असेल, तर छाटणी पुरते. शहरात झाड तोडायला १९७५ च्या कायद्याप्रमाणे वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. छाटणीसाठीही पालिकेकडेच अर्ज करा. चार-पाच घरांनी मिळून सह्या करा, फोटो जोडा आणि अर्जाची पोच घ्या.

काम अनुभवी माणसांनाच द्या. त्या दिवशी एवढे पाहा:

• जवळून तार जात असेल, तर वीज कंपनीला कळवून पुरवठा बंद झाल्याशिवाय कोणी चढू नये. रबरी चपलेवर भरवसा नको.
• झाडाखालची घरे रिकामी करा. मुले आणि म्हातारी माणसे लांब न्या.
• दाट वस्तीत झाड बुंध्यातून पाडू नये. शेंड्याकडून तुकडे करून, प्रत्येक फांदी दोराने बांधून खाली सोडावी.
• जाड फांदीला आधी खालून थोडा काप द्यावा, मग वरून कापावी. नाहीतर साल फाटून फांदी माणसावर येते.
• पाऊस, वारा असेल किंवा चढणारा दारू प्यायलेला असेल, तर काम थांबवा.

तरीही कोणी पडलाच, तर त्याला उठवून बसवू नका, पाणी पाजू नका. मान हलू न देता १०८ ला फोन करा. रक्त वाहत असेल, तर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा. शॉक लागला असेल, तर वीज बंद होईपर्यंत त्याला हात लावू नका.

वर चढणारा पोरगा आपलाच आहे. वर्गणी काढताना त्याच्या पट्ट्याचे आणि हेल्मेटचे पैसे आधी बाजूला काढा.